भोकरदनची टकटक

४ डिसेंबर, गुरुवार

सिस्टरबाई, तुम्हाला आधीच सांगून ठेवते, कारण तुम्ही इसरणार. दर महिन्याला फोनवर इचारता, "आजी, तुमचा कोणता वॉल बदलला?" बाई, बदलला तुमच्या दवाखान्यानं, अन् इचारता मला. काळजातला डावीकडचा बदलला. पोळ्यानंतर. आता तरी ध्यानात ठेवा.

वही तुम्हीच मागं लावून दिली. वजन, सूज, दम, गोळी रोज लिहा अन् तपासणीला घेऊन या. मला अक्षर येत न्हाई. मी सांगते, सून संगीता लिवते. कामाचं तेवढं तुम्ही वाचा, बाकीचं माझं हाये.

वजन ५१. सूज न्हाई. गो. पूर्ण.

रक्त पातळ करायची ती गोळी. एक दिवस पूर्ण, एक दिवस अर्धी. पूर्णीला कॅलेंडरवर हळदीचं बोट उमटवते, अर्धीला कुंकवाचं. तेवढं मला वाचता येतं.

संध्याकाळी भोकरदनहून सुलाबाईचा फोन. दवाखान्यात माझ्या बाजूच्या खाटेवर व्हत्या. माझ्यानंतर दोन दिवसांनी त्यांचा वॉल बसला.

"जयभीम, पाटलीणबाई."

"रामराम सुलाबाई. चालू हाय का?"

मंग आमचा गुरुवारचा कार्यक्रम. आधी त्या फोन छातीला लावतात, मी ऐकते. मंग मी लावते, त्या ऐकतात. टक, टक, टक. हा धातूचा वॉल वाजतो, आजूबाजूला शांत असलं की बराबर ऐकू येतो. त्या म्हणाल्या, "तुमचं घड्याळ जरा पुढं पळून राह्यलं." मी म्हटलं, तुमचा जन्म अंगणवाडीत गेला, तुमचं सरकारी घड्याळ, दमानंच चालणार.

आमचे हे म्हणतात, घरात दोन घड्याळं बंद पडलेली, एक चालतं आलं ते बरं झालं.

७ डिसेंबर, रविवार

वजन ५१. गो. अर्धी. ओसरीवरून गोठ्यापर्यंत गेले अन् आले, मधी बसले न्हाई. आपरेशनच्या आधी एवढ्याच वाटेला तीनदा टेकावं लागायचं.

हरभरा वीतभर झाला. बायकांनी शेंडे खुडले, दोन पाट्या भाजी निघाली. मला आठवड्याला एक वाटी, फकस्त रविवारी. संगीता मोजून वाढते. पाल्याच्या भाजीनं गोळीचा जोर कमी पडतो, खायची तर ठरलेली तेवढीच खा, असं दवाखान्यातून निघताना सांगितलेलं. मला अन् सुलाबाईला, दोघींना एकाच टायमाला.

सुलाबाईला पिशवी भरून पाठवली. माझा मुलगा भागवत जालन्याला चालला व्हता, त्यानं स्टँडवर भोकरदनच्या गाडीत कंडक्टरच्या हाती दिली. संगीता म्हणली, "आत्याबाई, त्यांना बी वाटीच सांगितलीय ना?"

मी म्हटलं, त्यांच्या घरात पाच माणसं हायेत. अन् रानातलं कुणी वाटीनं पाठवतं का.

११ डिसेंबर, गुरुवार

वजन ५१. गो. अर्धी. डाव्या पायाला थोडी सूज व्हती, दुपारी पाय वर घेतल्यावर उतरली.

सुलाबाई खूश. "काय आंबूस भाजी हो तुमची. पोरं तोंड लावत न्हाईत. मी रोज खाऊन राह्यले." मला बरं वाटलं. आपल्या रानाचं कुणी नाव काढलं की वाटतंच. टकटक ऐकली, पण घाईत. त्यांच्याकडं पाव्हणे आल्ते.

हे वाक्य लिहिताना संगीता माझ्याकडं बघत व्हती.

१८ डिसेंबर, गुरुवार

वजन ५०. गो. पूर्ण.

फोन आला. सुलाबाईनं छातीला लावला. मी कान दिला. काहीच न्हाई, मंग लई बारीक. टकटक न्हाई, कापडात गुंडाळलेल्या वाटीवर बोट वाजवावं तसं.

"शाल काढा," म्हटलं.

"काढलीय."

"पदर?"

"काय पाटलीणबाई, आता काय काय काढू?"

मी हसले न्हाई. संगीताच्या फोनवरून परत लावला. तेच. माझ्या छातीला फोन लावून संगीताला ऐकायला लावलं, माझी चांगली खणखणीत. म्हणजे खोट फोनात न्हवती. इचारलं, दम लागतो का. म्हणाल्या, "थंडीनं जरा. नळापर्यंत गेलं की." कधीपासून? "चार-पाच रोज झाले." रक्त तपासलं का? तारीख व्हती मागच्या हप्त्यात, त्याच पाव्हण्यांच्या गडबडीत राहून गेली. अन् भाजी? "तुमची पिशवी कालच संपली."

फोन ठेवला अन् संगीताला तुमचा नंबर लावायला सांगितला. तुम्ही उचलला. "आजी, तुमचा कोणता वॉल..."

म्हटलं, माझा राहू द्या, भोकरदनच्या सुलाबाईचा ऐका. वाजून न्हाई राह्यला.

त्या वक्ताला तुम्ही एकदम हुशार झालात, हे कबूल करते. दोनच गोष्टी इचारल्या अन् म्हणालात, आत्ताच निघा म्हणावं, वाट बघू नका. तसं सुलाबाईला कळवलं, त्यांच्या मुलानं शेजाऱ्याची गाडी केली. दिवे लागायच्या आत निघाले.

१९ डिसेंबर, शुक्रवार

वजन घेतलं न्हाई. गो. अर्धी, घेतली.

भोकरदनचा फोन लागत न्हाई. संगीता म्हणली, "बॅटरी उतरली असंल." जेवताना भाकरी तोंडात फिरून राह्यली. मी म्हटलं, पिशवी माझी व्हती. ती म्हणली, "तुम्ही प्रेमानं पाठवली." प्रेमाचं खरं, पण वाटी मला ठाऊक व्हती. तू सांगितलं व्हतं.

"हे नको लिवायला," संगीता म्हणली. "सिस्टर वाचतील."

वाचू दे की. आम्हाला काय झालं ते कळायलाच तर वही हाये. वजन खरं लिवायचं अन् भाजी गाळायची, असं कसं. लिव. भाजी मी पाठवली.

२० डिसेंबर, शनिवार

वजन ५०. गो. पूर्ण.

तुमचाच फोन आला, सकाळच्याला. सुलाबाई हायेत. आधी तेवढं सांगितलंत, बरं केलंत.

रक्त किती पातळ हाये त्याचा आकडा फार खाली गेल्ता, दीडच्या बी खाली. अडीचच्या वर पाहिजे. वॉलवर रक्ताची गाठ धरली व्हती, त्याच्यानं वॉलची पाकळी अर्धीच उघडत व्हती. सलाईनमधून औषध चालू केलं, गाठ विरायला लागलीय, दम कमी झालाय. अजून चार दिवस उशीर झाला असता तर, एवढं म्हणून तुम्ही थांबलात.

मी भाजीचं सांगून टाकलं. तुम्ही रागवाल वाटलं. तुम्ही म्हणालात, "आजी, भाजी बी अन् चुकलेली तपासणी बी. तारखेला रक्त दिलं असतं तर आकडा तवाच दिसला असता." मंग इचारलंत, "पण तुम्हाला कळलं कसं?"

म्हटलं, दर गुरुवारी ऐकते ना.

फोन ठेवल्यावर ओसरीवर बसून राह्यले. आमचे हे आले, इचारलं, काय झालं. म्हटलं, काही झालं न्हाई, तेच झालं. दोन भाकरी खाल्ल्या.

२५ डिसेंबर, गुरुवार

वजन ५१. सूज न्हाई. गो. अर्धी.

सुलाबाईचा फोन, दवाखान्यातल्या खाटेवरून.

"काय पाटलीणबाई, मला मारायला निघाल्त्या का?"

"पाच जणांची भाजी एकटीनं खाल्ली, अन् मला बोलता?"

"मंग इतकी चांगली पाठवायची कशाला?"

दोघी हसलो. त्यांना हसताना दम लागला न्हाई, हे मी ध्यानात घेतलं. मंग म्हटलं, लावा फोन. लावला. बाजूच्या खाटेवर कुणीतरी बोलून राह्यलं व्हतं, सुलाबाईनं तिला गप केलं.

टक. टक. टक. बारीकच, पण कापडातली न्हाई.

संगीतालाही ऐकवली. तिनं डोळे पुसले अन् म्हणली, कांदा चिरून आले. कांदा आज आणलाच न्हवता.

३१ डिसेंबर, बुधवार

जालन्याला जाऊन रक्त दिलं. तारखेलाच, एक दिवस बी पुढं न्हाई. आकडा दोन पूर्णांक आठ. भागवतनं कागद मला दाखवला, जसं काय मी वाचणार. तरी बघितला. आठ कसा असतो ते आता कळलं, वर एक कडं, खाली एक कडं.

वजन ५१. गो. अर्धी.

१ जानेवारी, गुरुवार

गो. पूर्ण. हळदीचं बोट नव्या कॅलेंडरवर पहिलं.

सुलाबाईच्या छातीची सोनोग्राफी शनिवारी परत हाये. गाठ पूर्ण विरली असंल तर रविवारी घरी सोडतील. थोडी राह्यली असंल तर काय करायचं ते डॉक्टर तवाच सांगतील. आज टकटक चांगली ऐकू आली. पण कान म्हणजे मशीन न्हाई, हे मला बी कळतं.

भागवत शनिवारी त्यांना भेटायला चाललाय. भाजी रानात अजून हाये, तिच्याकडं बघायचं बी न्हाई. ज्वारीला हुरडा आलाय. दिसायला हिरवाच, म्हणून तुम्हाला आधी इचारलं. म्हणालात, मूठभर चालंल.

संगे, आता पाठवायचं ते नीट लिव. कोवळा हुरडा, घरात भाजून, पाच माणसांच्या पाच पुड्या, वेगवेगळ्या. संगं तिळाची चटणी, मीठ अगदी बेतानं. कोथिंबिरीची काडी बी नको. चार पुड्या कशाबी बांध. सुलाबाईची पुडी माझ्याकडं दे, तिच्यावर मी हळदीचं बोट उमटवते. त्या पुडीत एकच मूठ घाल. मूठ माझी न्हाई, तुझी.