खालचा कापूस

मंगळवार, १२ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. तुझ्या पाळणाघरातली सगळी सेना, रडकी आणि हसरी, खुशाल असेल असं धरून चालतो. मी ठीक. फक्त कालपासून ताट समोर आलं की किळस येते. तुझी वहिनी म्हणते, पित्त आहे. असू दे तिचा समज.

काल फोनवर मी "मेन बंद कर, मुलांना घरी पाठव" एवढंच म्हणालो. "अरे दादा, पण झालं काय?" असं तू तीनदा विचारलंस, आणि मी "वायरिंगवर भार आला असेल" असं ठोकून दिलं. विजेच्या बाबतीत मी किती अडाणी आहे ते तुला ठाऊक; तरी विश्वास ठेवलास. जुनी खोड तुझी.

खरं असं. आमच्या कारखान्यात स्विचबोर्डच्या पेट्यांच्या प्लास्टिकमध्ये एक पांढरी पूड घालतात. तापली की ती पाणी सोडते आणि ज्योत विझते. गुणी, जवळजवळ सात्त्विकच. पण प्लास्टिकशी तिचं पटत नाही. निम्म्याहून जास्त घातली तरच आग अडते, आणि तेवढी घातली की पेटी इतकी ठिसूळ होते की स्क्रू आवळताना कोपरा तडकतो. तक्रारींचा ढीग लागला. पुडीच्या कणांना लेप दिला तर ते प्लास्टिकला धरून राहतात. त्यासाठी मी तीन महिने मागितले. व्यवस्थापक हसले.

"शास्त्रीबुवा, तोवर गिऱ्हाईक दुसरं दार शोधेल. पूड निम्मी करा. तपासणीला जाळून बघायच्या प्लास्टिकच्या काड्या जुन्याच मिश्रणाच्या पाठवा."

"आणि आग लागली तर?"

"लागल्यावर बघू. पेटी तडकते ती आज."

पेट्या छान लवचीक झाल्या. जानेवारीत, त्या आग धरत नाहीत अशा दाखल्यावर सही मी केली. फेब्रुवारीत तुझ्या नव्या खोलीसाठी त्यातल्याच बारा पाठवल्या, वर "या तडकणार नाहीत" ही फुशारकी. नव्या मालाची काडी मी जाळून पाहिली नव्हती. वेळ नव्हता असं नाही. पाहायचं नव्हतं.

काल सकाळी तुझं पत्र आलं. कुणाला दात आले, कोण कुणाला चावलं, आणि मध्येच एक ओळ: "पाळण्याजवळचा बोर्ड जरा गरम लागतो."

तसाच प्रयोगशाळेत गेलो, काडी उभी टांगली. दहा सेकंद ज्योत धरली, काढली. विझली नाही. जळते थेंब टपटप गळले आणि खाली ठेवलेला कापूस भडकला. जमिनीवर काय असेल त्याच्या जागी आम्ही कापूस ठेवतो. तुझ्याकडे जमिनीवर गाद्या असतात.

तिथूनच तुला फोन केला. तो काळा, चिकट वास अजून नाकातून जात नाही. हात चारदा धुतले. उजवा जरा जास्तच घासला. शिसारी आली आहे माझी मलाच.

उद्या दोन्ही मिश्रणांच्या काड्या घेऊन तपासणी-कचेरीत जातो आहे. व्यवस्थापक म्हणाले, "निवृत्तीला चार वर्षं उरलीत, डोकं थंड ठेवा." तू पेट्या उतरवून घे, फेकू नकोस. हे पत्रही फाडू नकोस. तक्रार लिही आणि तिला जोड. मला वाचवायला माझा उल्लेख गाळशील, तुला ओळखतो मी. गाळू नकोस.

तुझा दादा,
त्या दाखल्यावर सही करणारा प्रयोगशाळाप्रमुख