सव्वापाच तासांची बांधणी, चार तासांची वीज

प्रति,
मा. भांडार अधिकारी (मत्स्य योजना),
जिल्हा कार्यालय, चंद्रपूर.

विषय : मौजा कोसमटोला, ता. मूल येथील मच्छीमार सहकारी संस्थेस दिलेला संगणक परत करण्यास तिसऱ्यांदा मुदतवाढ मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र, दि. १० ऑक्टोबर २००५.
२) अर्जदाराचा पंधरा दिवसांची मुदत मागणारा अर्ज.
३) अर्जदाराचा अकरा दिवसांची मुदत मागणारा अर्ज, ज्यात ‘ही शेवटची विनंती’ असे शब्द होते.

महोदय,

१. अर्जदार कु. गोकुळा मनसाराम मांदाळे, वय ४१, ही गडचिरोली येथील एका कनिष्ठ महाविद्यालयात ग्रंथपाल असून सध्या रजेवर आहे. तिचे वडील कै. मनसाराम मांदाळे हे जिल्हा परिषद शाळेतून विज्ञान शिक्षक म्हणून निवृत्त झाले व त्यानंतर सात वर्षे उपरोक्त संस्थेचे मानद सचिव होते. दि. २ ऑगस्ट रोजी त्यांचे निधन झाले. संस्थेला योजनेतून मिळालेला संगणक त्यांच्याच घरी, त्यांच्याच टेबलावर राहिला. तो आपल्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत क्र. ४७ वर आहे, आणि परत आल्यावर त्यातील सर्व मजकूर पुसून तो दुसऱ्या संस्थेस द्यावयाचा आहे, असे आपल्या पत्रात नमूद आहे. आपले पत्र सरळ आणि सभ्य आहे. विलंबाचा दोष सर्वस्वी अर्जदाराचा असून तो कसा घडला हे खाली मांडण्यात येत आहे.

२. संगणकात वडिलांनी केलेली तळ्यांची नोंदवही आहे. संस्थेकडे ठेक्याने असलेली अडतीस तळी, प्रत्येकाची खोली, तळाशी चिखल की मुरूम, कोणती मासळी कुठल्या अंगाला असते, आणि मुख्य म्हणजे पाण्याखाली जुन्या झाडांचे खुंट कुठे कुठे आहेत, अशी ती नोंद. खुंटात जाळी फाटतात. दोन वर्षांपूर्वी जाळे सोडवायला बुडी मारलेला श्रावण नावाचा माणूस खुंटात पाय अडकून मरता मरता वाचला, तेव्हापासून वडील डोंग्यातून काठी घेऊन तळी मोजत फिरत. हे सारे एका माणसाच्या डोक्यात आणि एका यंत्रात होते. वडिलांच्या तेरवीला संस्थेचे अध्यक्ष धनराजभाऊ अंगणात बसले आणि म्हणाले, “भाऊ गेले अन् तळ्यांचा तळ संगं घेऊन गेले. आता आमी जाळं टाकाचं त कोनाले पुसून टाकाचं?” ही नोंदवही कागदावर उतरवून संस्थेच्या हाती द्यायची आणि मगच संगणक आपल्या स्वाधीन करायचा, एवढेच काम अर्जदाराने अंगावर घेतले. ते सोपे होते. अर्जदाराने ते अवघड केले.

३. वडिलांनी संगणकावर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवली होती. एका मासिकासोबत आलेल्या तबकडीवरून त्यांनी ती शिकून घेतली. यंत्र जुने, स्मृती तोकडी, म्हणून त्यांनी प्रणालीचा गाभा स्वतः नव्याने बांधला होता. बांधणीपूर्वी यंत्र शेकडो प्रश्न विचारते : अमुक वस्तू तुमच्याकडे आहे का, तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारी आज्ञावली, ठेवायचा का, हो की नाही. जे घरात नाही त्याला वडिलांनी ‘नाही’ म्हटले. छपाईयंत्रही तेव्हा नव्हते, सबब त्यालाही ‘नाही’. पुढे जून महिन्यात संस्थेला कोणीतरी एक जुने, करकरणारे छपाईयंत्र दिले. वडिलांनी उत्तर बदलून ‘हो’ केले आणि गाभा पुन्हा बांधायला घेतला. जुलैत ते आजारी पडले. बांधणी अर्धवट राहिली.

४. फ्लॉपीवर मजकूर घेऊन मूलला का छापला नाही, असे आपण विचाराल. फ्लॉपीच्या फटीत कुंभारमाशीने मातीचे घर केलेले आहे. अर्जदाराने ते खरवडले असता माशी वाचली, फ्लॉपीचे यंत्र वाचले नाही.

५. नोंदवही पडद्यावर वाचून हाताने का उतरवली नाही, हा प्रश्न धनराजभाऊंनी दर आठवड्याला विचारला. “तू त शिकली-सवरली बाई. चार दिवसांत लिवून झालं असतं. काऊन हट्ट करून राह्यली?” याचे खरे उत्तर असे की अर्जदाराने ती फाइल एकदा उघडली होती. वडील मराठी इंग्रजी अक्षरांत टंकत. पहिल्या ओळीत पहिल्या तळ्याचे नाव होते आणि ‘सकाळी साडेसहा, पाणी शांत’ असे होते. त्यापुढे अर्जदाराला वाचवले नाही. कागद हातात आला की आपण नेटाने वाचू, अशी तिने स्वतःची समजूत घातली. तिने आयुष्यभर पुस्तके हाताळली असल्याने कागदावर तिचा भरवसा आहे. ही सबब कार्यालयीन नाही याची तिला जाणीव आहे.

६. बांधणीस या यंत्रावर सव्वापाच तास लागतात. कोसमटोल्यास दिवसा सलग वीज सकाळी दहा ते दुपारी दोन, म्हणजे चार तास असते. रात्री वीज येते, पण तिचा दाब एवढा कमी की दिव्याची तार नुसती लाल दिसते आणि संगणक आपोआप बंद-चालू होत राहतो. सव्वापाच तास चार तासांत बसत नाहीत हे कळण्यास गणिताची पदवी लागत नाही. अर्जदाराला ते कळण्यास एकोणीस दिवस लागले.

७. झाले असे. वडिलांच्या वहीत बांधणीच्या पायऱ्या लिहिलेल्या आहेत. पहिली पायरी ‘मेक क्लीन’, म्हणजे आधीचे सगळे साफ करणे. अर्जदार ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या घरची. तळ्यात माशांचे बी सोडण्याआधी तळे साफ करायचे, शेवाळ काढायचे, बी गिळणारी मासळी वेचून बाहेर काढायची, हे आमच्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. साफ न केलेल्या तळ्यात बी सोडणारा मूर्ख, हे तिने पाळण्यातच ऐकलेले असावे. त्यामुळे दररोज सकाळी दहाला वीज आली की अर्जदार भक्तिभावाने आदल्या दिवशीचे सर्व काम साफ करी आणि पहिल्यापासून बांधणीला बसे. दुपारी दोनला वीज जाई. एकोणीस दिवस हा क्रम चालला. त्यापैकी दोन दिवस तिने आंघोळ करून सुरुवात केली, हेही नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल.

८. विसाव्या दिवशी साफ करून होताच संगणकाचा वीजपुरवठ्याचा डबा जळाला. मूलच्या बाजारात अयूबभाईंचे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान आहे. वडील बाजारच्या दिवशी तिथे तासन् तास बसत. डबा उघडता उघडता अयूबभाईंनी सगळी हकिगत ऐकली आणि हातातला सोल्डर खाली ठेवला. “रोज साफ करता? काऊन? अवो बाई, भात अर्धा शिजला अन् गॅस सरला, त गंज काय नालीत उलटा करता का? सिलेंडर आला का तिथूनच पुढं शिजवाचं. मास्तर इथीच बसून सांगत होते ना : लाइट गेली त जाऊ दे अयूब, जेवढं बांधून झालं तेवढं पक्कं, उद्या तिथूनच पुढं. साफ फक्त पयल्या दिवशी.”

मग त्यांनी सहज विचारले, “मास्तरनं जुलैत अर्ध्याच्या वर आनलं होतं. ते हाय ना तसंच?”

अर्जदार समोरच्या उघड्या रेडिओकडे पाहत “आहे” म्हणाली.

ते नव्हते. ते अर्जदाराने पहिल्याच दिवशी, पहिल्याच पायरीला, वहीत बोट ठेवून पुसले होते. याबाबत तिची कोणाविरुद्धही तक्रार नाही.

९. डबा दुरुस्त होऊन आल्यावर पुढील दोन दिवसांत बांधणी पूर्ण झाली. एका दिवशी चार तास, दुसऱ्या दिवशी सव्वा तास. उरलेल्या वेळेत अर्जदाराने वडिलांच्या उत्तरांची फाइल पाहिली; साफ करण्याच्या आज्ञेने ती जात नाही हे त्यातल्या त्यात बरे. उपग्रहाला नाही. हौशी रेडिओला नाही. पाच-पन्नास प्रकारच्या जाळ्यांना, म्हणजे संगणकांच्या जाळ्यांना, सरसकट नाही. मच्छीमार संस्थेच्या सचिवाने इतक्या जाळ्यांना नकार दिल्याचे हे पहिलेच उदाहरण असावे. संगणकाला ना भोंगा ना कर्णे, तरी आवाजाच्या प्रश्नाला मात्र ‘हो’. का, ते विचारायला आता कोणी नाही.

१०. तयार झालेला गाभा योग्य जागी ठेवला, तरी छपाई होईना. यंत्र म्हणे, असे उपकरणच नाही. अर्जदाराने चार दिवस तारा उलटसुलट केल्या, छपाईयंत्राची फीत बदलली, एकदा त्यास चापटही मारली. शेवटी वहीच्या मागच्या पानावर आढळले की नवा गाभा ठेवल्यावर तो कुठे आहे हे यंत्राला वेगळे कळवावे लागते. तोवर ते निमूटपणे जुन्यावरच सुरू होते. म्हणजे पुस्तक फडताळात ठेवायचे, यादीत नोंदवायचे नाही, आणि वाचकाला सापडत नाही म्हणून वाचकावर ओरडायचे. एकोणीस वर्षे ग्रंथपाल असलेल्या व्यक्तीकडून हे घडले.

११. नोंद केली आणि छपाईयंत्र बोलले. पण प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या शेवटाखालून सुरू होई आणि चौथ्या ओळीला कागदाबाहेर जाई. धनराजभाऊ योगायोगाने हजर होते. कागद उभा-आडवा धरून म्हणाले, “बाई, नोंदवही म्हनली होती ना? हा त घाटच आला, पायऱ्यासकट. उतरू का खाली?” अर्जदार त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी हसली. आवाजाला धनराजभाऊ दचकले.

१२. या पायऱ्यांसाठी अर्जदाराने मूलच्या सायबर कॅफेतून लिनक्सवाल्यांच्या एका पत्रगटास पत्र पाठवले. सवयीने तिने ‘आदरणीय महोदय’ असे आरंभून वडिलांचे निधन, संस्थेची अडचण, कुंभारमाशी व आपले पत्र यांचा सविस्तर उल्लेख केला. दोन दिवसांनी कुठल्याशा देशातून कोणा अनोळखी गृहस्थाचे उत्तर आले. सांत्वन नव्हते. छपाईयंत्राला ओळ संपल्यावर खालीच नव्हे, डावीकडेही परत यायला सांगावे लागते, त्यासाठी अमुक एक ओळ अमुक फाइलमध्ये घाला, एवढेच होते. अर्जदाराने ते उत्तर तिथल्या तिथे तीनदा वाचले. गेल्या चार महिन्यांत तिला आलेल्या सर्व पत्रांत ते सर्वांत उपयोगी होते.

१३. त्याप्रमाणे गुरुवार, दि. १५ रोजी, दहा ते दोनच्या दरम्यान, नोंदवही छापून झाली. एकूण पाने एक्केचाळीस. एक प्रत धनराजभाऊंच्या हाती दिली. शुक्रवारी त्यांच्या माणसांनी नवव्या तळ्यात जाळे टाकले. नोंदीत जिथे खुंट लिहिला होता तिथे बांबू खुपसला, तो खुंटाला लागला. सायंकाळी ते मासळी घेऊन अंगणात आले आणि म्हणाले, “भाऊनं लिवलं तसंच हाय. हातभर इकडं-तिकडं नाई.”

१४. सबब, संगणक शनिवारीच आपणाकडे पोचता करावयास हवा होता. अर्जदाराने तो धुतलेल्या चादरीत बांधलाही. मग ती ठरल्याप्रमाणे कागद घेऊन ओट्यावर बसली आणि एक्केचाळीस पाने पहिल्यापासून वाचून काढली. सदतीस तळी पूर्ण आहेत. अडतिसावे तळे जंगलाला लागून असलेले, सर्वांत मोठे. त्याच्या चारही अंगांची नोंद आहे. मधल्या भागाच्या रकान्यात आकडा नाही. तिथे पुढील मजकूर आहे, जो अर्जदार जसाच्या तसा उद्धृत करीत आहे :

‘मध्ये काठी पुरत नाही. मेमध्ये पाणी उतरते. गोकुळाला तेव्हा सुटी असते. तिला सोबत घेऊन मोजू.’

अर्जदारास याची कल्पना नव्हती. मेमध्ये तिला सुटी असते हे खरे आहे. गेली कित्येक वर्षे ती सुटीत वाचनालयाच्या पुस्तकांची मोजदाद करीत असे. त्या कामाची कोणी सक्ती केलेली नव्हती.

१५. तो आकडा छापील पानावर पेनाने भरता येईल, हे अर्जदारास मान्य आहे. धनराजभाऊंचेही तेच म्हणणे पडले, आणि या वेळी ते थट्टेने बोलले नाहीत. तथापि नोंद ज्या फाइलमध्ये उघडी राहिली तिथेच ती पुरी व्हावी अशी अर्जदाराची इच्छा आहे. या इच्छेस कोणताही शासकीय आधार तिला सापडला नाही. सापडेल या आशेने तिने नियमांचे एक पुस्तकही चाळले.

१६. तरी नम्र विनंती की, सदर संगणक दि. ३१ मे २००६ पर्यंत अर्जदाराकडे ठेवण्यास परवानगी मिळावी. अडतिसाव्या तळ्याचा मध्य मोजून, नोंद पूर्ण करून, शेवटचे पान छापून झाल्यावर अर्जदार स्वतः एसटीने संगणक चंद्रपूरला आणून देईल. तो चालू स्थितीत असेल. ज्या संस्थेस तो पुढे द्यावयाचा आहे तिला तोवर थांबावे लागेल याची अर्जदारास लाज वाटते. हवे असल्यास त्या संस्थेच्या माणसास ती हे यंत्र शिकवेल, निदान काय करू नये ते तरी.

परवानगी देणे शक्य नसल्यास तसे कळवावे. डोंगा धनराजभाऊ देणार आहेत. तळे अर्जदार कसेही करून मोजणारच आहे.

आपली, उशिराबद्दल दिलगीर,

(सही)
गोकुळा मनसाराम मांदाळे
मु. कोसमटोला, ता. मूल, जि. चंद्रपूर
दि. १९ डिसेंबर २००५

सोबत :
१) नोंदवहीची पाने १ ते ४०, झेरॉक्स प्रत, कार्यालयाच्या माहितीसाठी.
२) पायऱ्या-पायऱ्यांनी छापलेले एक पान, अर्जदाराच्या म्हणण्याचा पुरावा म्हणून.
३) पान क्र. ४१, मूळ प्रत. झेरॉक्सवर शेवटच्या ओळी उमटल्या नाहीत म्हणून मूळ जोडली आहे. पाहून झाल्यावर कृपया परत पाठवावी.