ह्यांच्या नावावर

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर वर्षे, धंदा कवळ्या बनवणे (आता बंद), हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात कुणी उरलेलंच नाही. यापूर्वी मी दोन मृत्युपत्रं केली होती, ती रद्द समजावीत. दोन्हींत एक गोष्ट लिहायची मी टाळली होती.

एक. राहतं घर. दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि त्याला लागून माझी कामाची खोली. हे माझं स्वकष्टार्जित आहे, त्यावर कर्ज नाही. माझ्यामागे ते विकून येईल ती सगळी रक्कम माझ्या धाकट्या भावाला द्यावी. तो नसेल तर त्याच्या मुलीला. कामाच्या खोलीतली मोरी प्लास्टरने सारखी तुंबते, हे घेणाऱ्याला आधी सांगावं. लपवून काही विकू नये.

दोन. बँकेतल्या ठेवी. त्याही भावाला. का, ते चौथ्या कलमात येईल.

तीन. हत्यारं. मेणाच्या सुऱ्या, साचे, चावा तपासायचं बिजागरीचं यंत्र, दातांच्या रंगांची पट्टी आणि पॉलिशचं मशीन हे सर्व माझ्या हाताखाली अकरा वर्षं काम केलेल्या बाईला द्यावं. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही, कारण तिने पगार वाढवून मागितला असता. नाक्यावरचा दातांचा डॉक्टर वीस वर्षं माझ्या कवळ्या ‘मी स्वतः घडवतो’ असं सांगून लोकांच्या तोंडात बसवत आला. त्याला माझा प्लास्टरने माखलेला ॲप्रन द्यावा. धुऊन देऊ नये.

चार. माझे पती. हे रंगाच्या दुकानात कारकून होते. तीन वर्षांपूर्वी गेले. रविवारी सकाळी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून सायकल सुटी करायची, पुसायची, पुन्हा जोडायची, दुपारी झोपायचं. एवढ्यावर हे खूश असायचे. मला त्याचा राग यायचा. मी दिवसभर दुसऱ्यांची तोंडं भरत होते आणि आम्ही होतो तिथेच होतो.

मी बेचाळीस वर्षांची असताना एका दवाखान्यात व्याख्यानाची जाहिरात पाहिली. सुखी आणि श्रीमंत कसं व्हावं, प्रवेश मोफत. ह्यांना ओढून नेलं. हॉटेलचा मोठा हॉल, थंडगार, आणि बोलणारे गृहस्थ असे टापटीप की आम्ही त्यांना टायवाले सरच म्हणू लागलो. त्यांनी कागद वाटले. म्हणाले, “सुख ठरवावं लागतं. तुम्ही कधी सुखी होणार, ते लिहा.” मी लिहिलं, पंचावन्नाव्या वर्षी. ह्यांनी लिहिलं, रविवारी. सरांनी तो कागद मोठ्याने वाचला. सगळा हॉल हसला. हेही हसले. मी माझी खुर्ची थोडी बाजूला सरकवली.

पुढचं सोपं होतं. सरांच्या कंपनीत पैसे घालायचे, आणखी दहाजण आणायचे, की आपण वरच्या पायरीवर. हे म्हणाले, “माझं मन घेत नाही.” तरीही मी घातले. मग दहाजण शोधताना भावाकडे गेले. भाऊ वायरमन. स्वतःचं दुकान टाकण्यासाठी त्याने पैसे साठवले होते, शिवाय घर होतं. तो म्हणाला, “ताई, मला यातलं काही कळत नाही. भाऊजींचं काय म्हणणं आहे?”

मी म्हणाले, “त्यांनीच सगळी चौकशी केलीय. त्यांच्या सांगण्यावरून तर आले.”

हे खोटं होतं. ह्यांच्या शब्दावर भावाचा विश्वास होता, माझ्या नव्हता. म्हणून मी तो वापरला. भावाने साठवलेले पैसे दिले, घर गहाण टाकून आणखी दिले. चौदा महिन्यांनी कंपनीच्या दाराला कुलूप लागलं. भावाचं घर गेलं.

एका दुपारी तो आला. आत येईना. जिन्यातूनच ओरडला, “भाऊजी, बाहेर या! साधा चेहरा करून माझं घर खाल्लंत तुम्ही!” सगळ्या मजल्यांवरची माणसं दारांत येऊन उभी राहिली. मी कामाच्या खोलीत होते. ह्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोलले असते तर पुरलं असतं. मी पॉलिशचं मशीन सुरू केलं. त्या आवाजातही ह्यांचं बोलणं मला ऐकू आलं. “चुकलं माझं,” एवढंच म्हणाले.

रात्री जेवताना मी विचारलं, “खरं का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तुला माहेर राहिलं असतं का?” हे म्हणाले. “माझं काय, मी आहे तसा बरा आहे.”

ते तसे राहिले नाहीत. गावाला जाताना शेजारी आमच्याकडे किल्ली ठेवत, ते बंद झालं. सायकल गंजली. रविवारी हे खिडकीशी नुसते बसत. भाचीच्या लग्नाचं बोलावणं मला एकटीला आलं आणि मी गेले. परत आल्यावर ह्यांनी विचारलं, “सगळं नीट पार पडलं ना?” मी म्हणाले, “हॉल चांगला होता.”

मी दुप्पट काम घेतलं. कुणाच्या नादी न लागता, एकेक दात बसवत, पासष्टाव्या वर्षी मी टायवाल्या सरांच्या हिशेबात बसेल इतकी श्रीमंत झाले. भावाला पैसे देऊ केले असते तर कशाचे ते सांगावं लागलं असतं, म्हणून दिले नाहीत. हे गेले तेव्हा भाऊ आला नाही. त्याने फोन केला, “ताई, तू जेवलीस का?”

गेल्या महिन्यात त्याच्याकडे जाऊन सगळं सांगितलं. भाची पाणी ठेवून आत गेली. भाऊ ऐकत राहिला. मग म्हणाला, “मला माहीत होतं.”

“कधीपासून?”

“जिन्यातच कळलं. तू मशीन लावलंस तेव्हा.”

“मग त्यांना का बोललास?”

“तुला बोललो असतो तर मला ताई राहिली नसती. भाऊजी ऐकून घेणारे होते.” भाचीने ठेवलेलं पाणी त्याने माझ्यापुढे सरकवलं. “पैसे दे. घेईन मी, पोरीला लागतील. पण मी माफ केलं असं कुठे लिहू नकोस. माफ करणारा माणूस गेला.”

तेव्हा तसं लिहीत नाही. सांगून टाकलं की हलकं वाटेल अशी माझी समजूत होती. बसथांब्यापर्यंत वाट पाहिली. वाटलं नाही.

पाच. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. माझे दात सगळे स्वतःचे आहेत, विद्यार्थ्यांना उपयोगी पडतील. कुणी भाषण करू नये.

सहा. इमारतीच्या जिन्यातल्या फळ्यावर आठ दिवस पुढील सूचना लावावी: ‘दुसऱ्या मजल्यावरच्या कारकुनांनी आपल्या मेहुण्याला फसवलं नव्हतं. त्यांच्या बायकोने फसवलं. ते निर्दोष होते.’ अक्षर मोठं असावं. हे काम आणि वरील सर्व भावाच्या मुलीने पार पाडावं.

त्या दुपारी जिन्यात सहा बिऱ्हाडं उभी होती. त्यांतली पाच इथून गेली. उरले ते खालच्या मजल्यावरचे मास्तर, म्हणून साक्षीला मुद्दाम त्यांना बोलावलं आणि हे कलम वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, “कुठलं भांडण म्हणताय?” मी सगळं पुन्हा सांगितलं. त्यांना आठवेना. ह्यांचा चेहराही नीट आठवेना.

तरी सूचना लावावी.

स्थळ: स्वयंपाकघर, दुसरा मजला.
तारीख: सोळा, मंगळवार, सकाळी साडेदहा.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली म्हणून:
१. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर (सही)
२. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या बाई (सही)