उत्तरासाठी सोडलेली जागा

३ तारीख, सोमवार

आले, टेकले आणि पहिल्याच दिवशी या नोकरीच्या प्रेमात पडले! विद्यापीठाच्या विस्तार विभागात बसून मी धडे रेकॉर्ड करायचे. शाळा अर्धवट सुटलेली मोठी माणसं शिवणकाम करता करता, दुकान सांभाळता सांभाळता फोनवर गणित शिकणार. म्हणजे मी दिवसभर बडबडायचं आणि वर पगारही घ्यायचा. आई मला लहानपणापासून रेडिओ म्हणते. गृहपाठ लिहिता लिहिता मी तिला वर्गातली सगळी भांडणं ऐकवायचे, हात एकीकडे आणि तोंड भलतीकडे. ती कानांवर हात ठेवून म्हणायची की रेडिओ, जरा दम खा. आज तिला कळवलं, तुझा रेडिओ आता विद्यापीठाने विकत घेतला.

स्टुडिओ म्हणजे बिनखिडकीची खोली. भिंतींना राखाडी स्पंज, एका बाजूला ध्वनिमुद्रणाच्या खोलीची काच, एक टेबल, एक दिवा, एक कॅमेरा, एक माइक. माइकच्या जाळीवर आधीच्या बाईंच्या लिपस्टिकचा डाग अजून आहे. ध्वनिमुद्रण करणारा गृहस्थ इतका कमी बोलतो की मी त्याचं नाव मौनीबाबा ठेवलं. मनातल्या मनात हां.

५ तारीख, बुधवार

आज मौनीबाबाने इथली पद्धत शिकवली. प्रश्न विचारायचा, मग थोडा वेळ गप्प बसायचं, म्हणजे घरी बसलेल्या माणसाला उत्तर देता येतं. त्यानंतर हसून म्हणायचं: "हो, अगदी बरोबर! चला, पुढे." समोर कुणीही नसतं, उत्तर ऐकू येत नाही, तरी शाबासकी ठरलेली. त्या शांततेला इथे 'जागा' म्हणतात. मला गप्प बसणं म्हणजे जन्मठेपच. दहा वेळा चुकले आणि दहाही वेळा त्याने काचेपलीकडून बोट ओठांवर ठेवलं.

फोनवरची सोयही भारी आहे. मी थेट वर्ग सुरू केला की शिकणाऱ्याचा धडा आपोआप थांबतो. थेट वर्गात सगळेच गप्प झाले तर धडा पुन्हा आपोआप सुरू होतो. कुणाचा वेळ वाया जात नाही.

आईनेही नाव नोंदवलं! धाकट्या भावंडांना सांभाळायला तिची शाळा सहावीत सुटली होती. सगळं येतं तिला, फक्त सतराचा पाढा सातावर अडतो. दर वेळी तिथेच. सगळे धडे फोनवर उतरवून घेतलेत म्हणाली, आणि आवाजात असा काही तोरा होता की मला भरून आलं.

८ तारीख, शनिवार

ऐकू न येणाऱ्यांसाठी आज धड्यांखाली शब्दांची पट्टी चालू करायला लावली. मौनीबाबा नको नको म्हणत होता, कारण मात्र सांगेना. मी ऐकते थोडीच!

पट्टी चोख चालते. मी बोलते तेच अक्षरांत उमटतं. सात आठा किती, असं मी विचारते, गप्प बसते, आणि त्या जागेत पट्टीवर 'छप्पन्न' उमटतं. मी तर छप्पन्न म्हटलेलं नव्हतं. यंत्र हुशार आहे म्हणायचं.

१२ तारीख, बुधवार

कुणाला काय अडतंय हे विचारायला फोन करत होते. एका शिवणकामवाल्या बाईंनी भरभरून आभार मानले. तुम्ही घरी सर पाठवता ते फार बरं करता, म्हणाल्या. काही बोलत नाहीत, कोपऱ्यात बसून असतात. फक्त धडा संपला तरी उठत नाहीत, तेवढं त्यांना सांगा.

आम्ही कुणालाही कुणाच्या घरी पाठवत नाही.

विभागप्रमुख बाईंना सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, साधी माणसं आहेत, व्हिडिओतलं खरं वाटतं त्यांना.

१४ तारीख, शुक्रवार

जुने धडे पट्टीसकट पुन्हा पाहिले.

पहिल्या धड्यातल्या जागांमध्ये उत्तरंच आहेत. छप्पन्न, त्रेसष्ट, सगळी बरोबर. तिसऱ्या धड्यात उत्तरं नाहीत, प्रश्न आहेत. 'घरात एकट्याच आहात?' आणि लगेच माझा हसरा आवाज: हो, अगदी बरोबर! चला, पुढे.

पाचव्यात: 'आत येऊ का?'

हो, अगदी बरोबर! चला, पुढे.

मीच म्हटलंय. न ऐकता, शाबासकीच्या सुरात, घरोघरी.

शिवणकामवाल्या बाई फोन उचलत नाहीत. कुणाचा धडा कुठवर आला ते दाखवणाऱ्या आमच्या पडद्यावर त्यांचा धडा मात्र कालपासून चालूच दिसतो. एकाच ठिकाणी. जागेवर.

१५ तारीख, शनिवार

मौनीबाबाला काचेआड गाठलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. अखेर बोलला बिचारा. आधीच्या बाईंनाही हे दिसलं होतं. त्या घाबरून नोकरी सोडून गेल्या, आणि त्याने पट्टी बंद करून टाकली. दिसत नाही म्हणजे नाहीच, अशी स्वतःची समजूत घातली. मी त्याला वाट्टेल तसं बोलले.

विभागप्रमुख बाई धडे काढायला तयार नाहीत. लोक शेवटपर्यंत बघताहेत, आणखी काय हवं, म्हणाल्या.

बरं. मी पळणार नाही. माझ्या तोंडून 'हो' चोरलंय, 'नाही' मी स्वतः देणार. परवानगी गेली खड्ड्यात. सोमवारपासून सगळे धडे नव्याने, एकही जागा न सोडता. जो कोणी असेल त्याची आता माझ्याशी गाठ आहे.

१७ तारीख, सोमवार. सकाळ

तीन धडे केले. सलग. प्रश्न मीच, उत्तर मीच, मध्ये श्वाससुद्धा चोरून. पट्टीवर परकं अक्षर नाही. नाकावर टिच्चून!

पण जुने धडे ज्यांनी उतरवून घेतलेत, त्यांच्या फोनमधून ते काढता येत नाहीत.

आई.

फोन उचलत नाही. आमच्या पडद्यावर तिचा धडा चालू आहे. पाचवा.

त्याच दिवशी, दुपार

थेट वर्ग सुरू केला. तिचा धडा थांबला. आईने लगेच लिहून पाठवलं की सर दारात उभे आहेत, तूच पाठवलंस ना, आत घेऊ का.

नाही म्हटलं. जोरात. ती म्हणते फोन बंद होत नाही, दाबून पाहिला. मागचं दार नाही त्या घराला.

मौनीबाबा विभागाची गाडी घेऊन तिच्याकडे निघालाय. काही न विचारता किल्ली उचलली त्याने. पोचेपर्यंत शांतता होता कामा नये. शांतता झाली की धडा पुन्हा सुरू, तीच जागा, आणि माझंच ते हो —

तोंड बोलतंय, हात लिहितोय. शाळेतली सवय आज कामी आली. लिहितेय कारण कागदावर दोन ओळींमध्ये कुणी घुसत नाही.

बोलतेय. शेजारणीच्या मांजराबद्दल. मामाच्या टकलाबद्दल. नाही, नाही, नाही, आणि पुन्हा मांजर. आई हसल्याचं चित्र पाठवते. दार लावलंय म्हणते. बाहेर सावली तशीच —

नंतर

घसा बसलाय. पाणी संपलं. नुसती हवा निघतेय —

आई लिहिते: रेडिओ, दम खा. आता मी बोलते.

माइक उघडला तिने. सतराचा पाढा. खणखणीत, दाराबाहेर ऐकू जावा म्हणूनच. माझी आई! सहावीत शाळा सुटलेली माझी —

मौनीबाबाचा निरोप. गल्लीत वळतोय —

सतरा चोक अडुसष्ट —

सतरा पंचे पंच्याऐंशी —

सतरा सक एकशे दोन —

आई, थांबू नकोस, पुढे सात, मी सांगते, एकशे — आवाज निघत नाही —

अडली.

पट्टीवर अक्षर उमटतंय. आत ये —

डावा हात टेबलावर आपटतेय. माइक हादरतोय. जागा देणार नाही. आपटतेय. नाही. आई, बोल. नाही, ना