दाजींचा इंटरनेटवरचा पत्ता

सातारा, दि. १८ नोव्हेंबर १९९९

ती. दाजींना राजरत्नचा सविनय जयभीम.

पावसाळ्यापासून पत्र नाही, त्याबद्दल माफी असावी. रोज लिहायला बसतो आणि डायरीच लिहून उठतो (तिच्याकडून उलट टपाली बोलणी येत नाहीत). तुमचा गुडघा कसा आहे? आक्काताईचा खोकला थांबला का? दीक्षाच्या लग्नाची पत्रिका मिळाली. पत्रिकेविषयी पुढे लिहितो.

कॉलेजची पक्की नोकरी सोडून मी या इंटरनेट कंपनीत आलो, तेव्हा चाळिशीनंतर पोहायला शिकू नये असे तुम्ही म्हणाला होता. सध्या गटांगळ्या चालू आहेत. महिनाअखेरपर्यंत बिघाड काढा, नाहीतर परत खडू हातात घ्या, असे आमचे मालक बाळासो यांनी बजावले आहे. (कॉलेजने माझ्या जागी दुसरा माणूस घेतला, हे त्यांना सांगायला माझी जीभ उचलत नाही.)

बिघाड समजायला एसटी डोळ्यांपुढे आणा. इंटरनेटवर येणाऱ्या प्रत्येकाला एक पत्ता लागतो, म्हणजे ठिपक्यांनी जोडलेले चार आकडे. आमच्याकडे असे मोजकेच पत्ते. ज्याचा फोन लागला त्याला आमचे यंत्र रिकामा पत्ता देते, फोन ठेवला की काढून घेते, सीट जशी. पण गेले काही दिवस एकच पत्ता दोघांना जाऊ लागला. मग दोघांचेही काम अडते आणि दोघेही मला फोन करतात. मी तारा तपासल्या, यंत्र बंद करून चालू केले, पुण्याच्या इंजिनिअरला बोलावले. तो चहा पिऊन, यंत्र ठणठणीत आहे असे सांगून गेला. बाळासोंनी यंत्राला लिंबू-मिरची बांधली. (मी विरोध केला, पण हळू आवाजात. याचा विचार नंतर पुष्कळ केला.)

शेवटी कारण सापडले. तुमच्या पलटणीतले सुभेदार मानसिंग आमचे पहिले गिऱ्हाईक. "आवं मास्तर, रोज पत्ता बदलतोय त्यो मानूस फरारी असतोय. फौजेत माजा नंबर शेवटपर्यंत एकच हुता," म्हणाले. आमच्या ऑफिसातल्या नाथाजीने त्यांना एक पत्ता कायमचा नेमून दिला. मग गिऱ्हाइकांतल्या एका डॉक्टरांनी हट्ट धरला. त्यांना मालकांनी दिला. मग मालकांच्या रहिमतपूरच्या सासऱ्यांना. थोडक्यात, ऑफिसातल्या प्रत्येकाने खिडकीतून रुमाल टाकून आपापल्या माणसाची जागा धरली. पण त्या जागा मोकळ्या पत्त्यांतून वगळायचे कुणाच्या मनात आले नाही. यंत्राला रुमाल दिसत नाहीत. ते पुढच्या फोनवाल्याला त्याच जागेवर बसवते.

नाथाजीला विचारले, तर म्हणाला, "एकच तर दिलाय सर. पाव्हनं हायत आमचं." सगळ्यांचा एकेकच होता.

आता धरलेले पत्ते सोडायला सगळे कबूल आहेत, पण सुभेदारांनी आधी सोडला तर. इतरांना न्याय शिकवताना मला जरा अवघडल्यासारखे होते. ते का, हे खाली लिहितो.

तुमचा,
राजरत्न

ता. क. काल सुभेदारांच्या घरी गेलो. तत्त्वावर बरेच बोललो. त्यांनी मुकाट्याने दीक्षाची पत्रिका पुढे केली. निमंत्रकांत यल्लाप्पा हे तुमचे नाव, त्याखाली सांगलीचा पत्ता आणि त्याखाली ते चार आकडे. "यल्लाप्पाकडं कॉम्प्युटर न्हाई, फोन शेजारच्यांचा, तरी त्येचा पत्ता हाय. आनि माजा काडता व्हय?" तुम्ही पुढेमागे कॉम्प्युटर घ्याल म्हणून तो मीच धरून ठेवला होता आणि पावसाळ्यातल्या पत्रात तुम्हाला कळवला होता. तुम्ही तो छापाल, हे ध्यानीमनी नव्हते. तरी तो सोडायला तुमची परवानगी हवी. पत्रिका कुंडलपर्यंत वाटून झाल्याचे कळले. पाहुणे त्या पत्त्यावर आहेर पाठवणार नाहीत, एवढे मी खात्रीने सांगतो.

ता. क. २. वरचे पुन्हा वाचले. परवानगी मागतो आहे, म्हणजे तुम्ही नाही म्हणालात तर सोडणार नाही, असा अर्थ निघतो. तसा काढू नये. लग्नात मामा म्हणून मला पुढे उभे करायचे की मागे, ते आक्काताईने ठरवावे.

(डायरीत) उद्याचे काम: पत्र पेटीत टाकण्याआधी दाजींचा पत्ता सोडणे.