डाव्या हाताची साखर

४ मार्च, सकाळ
लेकी, साखर मोजणारं घड्याळ पाठवलंस आणि चार्जर स्वतःकडेच ठेवलास. शाळेत पोचल्यावर दप्तर घरी राहिलं म्हणून रडायचीस, त्यात काडीचाही फरक नाही.
हा टोमणा सोडला तर बाकीची ही वही माझी मलाच. मी सांगते, शेजारची शिंपीण लिहिते. चार्जरही तिनेच कुठूनसा पैदा केला.
डॉक्टरांनी बजावलंय, साखर दोनशेच्या आत आली तरच बावीस तारखेला मोतीबिंदू काढणार. पुढच्या महिन्यात नात बाळाला घेऊन येतेय. मला बाळाचं नाक-डोळे बघायचेत, धुक्यातलं गाठोडं नको.
निश्चय: गोड बंद. आजपासून. हा चहा झाला की.

७ मार्च
९६! आकडा शिंपीण वाचते, मला नुसता हिरवा ठिपका कळतो. हिरवं म्हणजे झकास.
बक्षीस म्हणून एक क्रीमचं बिस्किट. एकटं पोटात कंटाळेल म्हणून दुसरं.

११ मार्च, दुपार
केक खाऊनही ९८. विचार करकरून कारण सापडलं. घड्याळ डाव्या हाताला, मी खाते उजव्या हाताने. साखर तिकडेच मुरत असणार.
शिंपीण म्हणाली, आजी, पोट तर एकच ना? म्हटलं, तू आपल्या बाह्या शिव.

१५ मार्च
९७. गोळ्या निम्म्या केल्या. धडधाकट माणसाला औषध कशाला? डॉक्टरांना विचारलं नाही, बिचारे कामात असतात.
चालायला जाणार होते, पण घड्याळ चार्जिंगला. मोजायला कुणी नसताना चालून काय उपयोग?

२२ मार्च, संध्याकाळ
नर्सने बोटाला सुई टोचली. २९४. म्हटलं, मशीन बिघडलंय. तिने दुसरं आणलं. ते ३०१ म्हणालं. तिसरं मागितलं नाही.
ऑपरेशन पुढे ढकललं. डॉक्टर म्हणाले, असल्या घड्याळाला रक्तातलं काही कळत नाही. आणि गोळ्या कुणाला विचारून कमी केल्या? मी उजव्या हाताचं समजावलं. त्यांनी गोळ्यांची चिठ्ठी नव्याने लिहून दिली.
घरी आल्यावर शिंपिणीने घड्याळ काढलं आणि दुकानातल्या कापडाच्या ताग्याला बांधलं. हिरवा ठिपका. ९७. हसली नाही, हे तिचे उपकार.

२३ मार्च
गोळ्या पूर्ण घेतल्या. बोटाला टोचायचं मशीन आणलं. २६८.
बाळाचा पापा आता अंदाजानेच घ्यायचा. शिंपीण म्हणते, बाळ काय पळून जातंय? अगं, वर्षभरात पळायलाच लागेल की.
बये, एवढं पान लेकीला पाठव. लेकी, पालेभाजी पाठव. पण निवडून, धुऊन पाठव. मला अळ्या अजून दिसत नाहीत.