ताम्हणाला आईची गोधडी

रूबेन,

‘प्रिय’ लिहायला हात धजत नाही. काल तू पाठवलेला फोटो बघितला. जेरुसलेमला तुझ्या अंगणात ताम्हणाचं झाड, आणि त्याला आईची गोधडी गुंडाळलेली! वर मलाच विचारतोस, “ताई, थंडीत शेंडे जळतात, काय करू?” शेजारची धोंडुबाई फोटो बघून म्हणाली, “काय गो, झाडाला पन गोधडी?” मला तोंड लपवावंसं वाटलं.

आई गेली तेव्हा आला नाहीस. आपल्या ज्यू लोकांत मयत दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवत नाहीत, पोचणार कसा, म्हणालास. बरं. नंतर तरी यायचंस? आलास दोन वर्षांनी, तेही इथे वरसे गावी आपल्या परसातल्या ताम्हणाचं बी न्यायला. जाताना गोधडी मागितलीस, तेव्हा वाटलं, पोराला आई आठवते. तिच्या लुगड्यांची ती गोधडी आता दवात कुजतेय.

अरे शहाण्या, ओल्या कापडाने झाड जास्त गारठतं. आणि फोटोत छाटलेल्या फांद्या दिसतायत, थंडीच्या तोंडावर छाटलंस कशाला? कोवळे धुमारे फुटले आणि करपले. बुंध्याशी सुका पाला रचायचा, कोरडं गोणपाट बांधायचं, छाटणी थंडी सरल्यावर करायची. पालवी उशिरा येते, म्हणून मेलं समजून उपटायचं नाही.

एवढं केलंस तर झाड जगेल. म्हणूनच हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. झाड जगलं, तर पुन्हा बी न्यायला तू वरसेला कशाला येशील?

तुझी मोठी बहीण, अजून तरी,
तामार